आजार कुणी धाडला?

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या योरुबा समाजात ‘कोसोको’ असे एक नाव आढळते. त्याचा अर्थ, कुदळ उरलेली नाही. तुला पुरायला खड्डा खणावा तर घरात आता कुदळच नाही, तेव्हा या खेपेस तरी मरू नकोस, असे ते नाव तान्ह्या बाळाला बजावत असते. ‘मालोमो’ म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, ‘बांजोको’ म्हणजे माझ्यापाशी बस, ‘दुरोसिन्मी’ म्हणजे थांब आणि मला माती दे, आणि ‘अकिसातान’ म्हणजे चिंध्या संपल्या, तुला गुंडाळायला फडके नाही. ज्या घरात मुले एकामागून एक दगावतात त्या घरातल्या पुढच्या मुलाला अशी नावे ठेवीत. मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. दगडू, धोंडू, केरबा ही नावे आपल्याकडेही कुणी हौसेने ठेवलेली नव्हती. आधीची मुले गेल्यावर जन्मलेल्या पोराला दगड म्हणायचे, केर म्हणायचे आणि काळाच्या नजरेतून उतरवायचे, एवढाच त्यामागचा हेतू असे. माझ्या आजोळच्या शेजारी एक दगडूमामा होते. त्यांच्या आधी गेलेल्या भावंडांची नावे त्या घरात कुणी उच्चारीत नसे, आणि लहानपणी त्यांच्या नावाला हसल्याबद्दल मी आजीचा मार खाल्लेला आहे.

असे पुन्हापुन्हा मरणारे मूल योरुबा भाषेत ‘आबिकू’ आणि पूर्वेकडच्या इग्बो समाजात ‘ओग्बांजे’ म्हटले जाते. समजूत अशी, की गेलेली सगळी मुले वेगवेगळी नसून ते एकच मूल आहे. ते येते, आईला लळा लावते, मरते आणि पुन्हा तिच्याच पोटी येते, कारण पलीकडच्या जगातल्या सवंगड्यांशी त्याचा तसा करार झालेला असतो. इग्बो परंपरेत या कराराची खूण म्हणून मुलाने ‘इयी-उवा’ नावाची एखादी वस्तू, बहुधा गारगोटी, कुठेतरी पुरून ठेवलेली असते, आणि दिबिया, म्हणजे तिथला वैदू आणि देवऋषी एकाच अंगी असलेला माणूस, मुलालाच विचारून विचारून ती जागा शोधतो व जमीन खणतो. गारगोटी सापडली की करार मोडला. मूल त्याआधीच गेले, तर त्याच्या प्रेतावर डाग देत किंवा बोट छाटत, म्हणजे ते परत आलेच तर ओळखू येईल.

आता याच घराकडे वैद्यकाच्या बाजूने पाहू. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा अंश बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे हाडे ठणकतात, बाळाच्या हातापायांची बोटे सुजतात, प्लीहा हळूहळू निकामी होते, आणि मग एखादा साधा वाटणारा जंतुसंसर्गही मूल घेऊन जातो. नायजेरियात दरवर्षी अशी सुमारे दीड लाख मुले जन्माला येतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी येत नाहीत. उपचार न मिळाल्यास त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांची होण्याआधीच जातात, असा अंदाज आहे. ओग्बांजे ठरवल्या गेलेल्या मुलांची रक्ततपासणी नायजेरियातल्या संशोधकांनी केली तेव्हा त्यांत सिकलसेलची मुले मोठ्या संख्येने निघाली. सगळीच अर्थात नव्हे. हिवताप, गोवर आणि हगवण यांनीही त्या भागातली पाळणाघरे नव्हे, पाळणेच रिकामे केलेले आहेत.

म्हणजे लोकांचे निरीक्षण चुकलेले नव्हते. काही ठरावीक घरांतच मुले अशी जातात, एकाच आईची काही धडधाकट राहतात आणि काही जातात, दुखणे मध्येच येते आणि मध्येच ओसरते, हे सगळे त्यांनी नीट पाहिले होते. घानामध्ये या दुखण्याला फार पूर्वीपासून नावे आहेत. ट्वी भाषेत त्याला ‘अहोतुतुओ’ म्हणतात, गा भाषेत ‘च्वेच्वेच्वे’. हाड कुरतडले जात असल्यासारखी ठणक त्या उच्चारातच ऐकू येते. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची पहिली नोंद १९१० साली झाली, तीही आफ्रिकेत नव्हे तर शिकागोमध्ये, ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात दिसलेल्या त्या विचित्र आकाराच्या पेशींविषयी जेम्स हेरिक यांनी लिहिले तेव्हा. पुढे घानाचे डॉक्टर कोनोटे-आहुलू यांनी आपल्याच घराण्यातली या आजाराची माणसे, पिढीगणिक नावानिशी, १६७० पर्यंत मागे शोधून काढली. ज्या समाजाला कुठल्या पूर्वजाचे सांधे पावसाळ्यात दुखत हे तीनशे वर्षे आठवते, तो समाज निरीक्षणात कच्चा होता असे कोण म्हणेल? कारण मात्र त्याने चुकीचे लावले, आणि त्या चुकीची किंमत मुलांनी मोजली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि आफ्रिकेतल्या श्रद्धा व आधुनिक आरोग्यसेवा यांच्याविषयीच्या बहुतेक चर्चांत त्यांपैकी एकच उच्चारले जाते.

‘आफ्रिकी श्रद्धा’ हा शब्दप्रयोगही जपूनच वापरायला हवा. चौपन्न देश आणि दोन हजारांच्या घरात भाषा असलेल्या खंडाची एक समजूत असू शकत नाही, जशी ती आशियाची असू शकत नाही. तरीही बऱ्याच ठिकाणी एक धाटणी दिसते, आणि तिचे सर्वांत नेमके वर्णन झाले ते आजच्या दक्षिण सुदान आणि काँगोच्या सीमेवरल्या अझांदे लोकांविषयी. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३७ साली त्यांच्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले धान्याच्या कणगीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. खांबांवर उभारलेल्या कणगीखाली दुपारी माणसे सावलीला बसतात आणि एके दिवशी ती कोसळून माणसे दुखावतात. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदे माणसाला ठाऊक असते. ते सांगायला त्याला कुणी साहेब लागत नाही. त्याचा प्रश्न पुढचा असतो. नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमक्या त्याच क्षणी ती का पडली? आपण याला योगायोग म्हणतो आणि विषय संपवतो. अझांदे म्हणतो, कुणाच्या तरी पोटातल्या ‘मांगू’ने, म्हणजे चेटकाच्या शक्तीने, हे जुळवून आणले. वाळवी हे ‘कसे’चे उत्तर झाले, ‘का’चे उत्तर त्याला वेगळे हवे असते.

एड्सच्या साथीत आफ्रिकेत काम केलेल्या अनेकांनी हेच ऐकले आहे. विषाणू संभोगातून येतो, हे मान्य. पण दहाजण त्याच बाईकडे जात होते. मग मलाच का? आणि आपल्याकडे चाळिशीत हृदयविकाराचा झटका आलेल्या, सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या माणसाचे नातेवाईक आयसीयूच्या बाहेर कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकून घेतल्यावर नेमका हाच प्रश्न विचारतात. कुणी पत्रिका काढतो, कुणी ‘कुणाची तरी नजर लागली’ म्हणतो. कागदावर सही करून अँजिओप्लास्टीला परवानगी दिलेलीच असते.

त्यामुळे श्रद्धा असली की दवाखाना नाही आणि दवाखाना असला की श्रद्धा नाही, ही मांडणी मुळातच फसवी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू समाजात आजारांची सरळ दोन खाती आहेत. सर्दी, ताप, साथीचे दुखणे हे ‘उम्खुह्लाने’. ते कुणालाही होते, त्याला डॉक्टरचे औषध चालते. ‘उकुफा क्वाबांतु’, म्हणजे आपल्या माणसांचे आजार, हे मात्र पूर्वजांचा कोप, कुणाचा मत्सर किंवा वाटेत ओलांडलेले काहीबाही यांतून येतात आणि गोऱ्या डॉक्टरला ते कळत नाहीत. एकच दुखणे सुरुवातीला पहिल्या खात्यात असते, गोळ्यांनी उतरले नाही की दुसऱ्यात जाते. आपल्याकडचा ‘हे बाहेरचे दिसते’ हा निर्णय असाच, दोन-तीन डॉक्टर पालथे घातल्यावर, लागतो. म्हणून माझे म्हणणे असे, की श्रद्धा खरी की खोटी या वादात आरोग्यव्यवस्थेने आपली शक्ती घालवू नये. तिने दोनच गोष्टी पाहाव्यात: या श्रद्धेमुळे रुग्ण दवाखान्यात उशिरा पोचतो का, आणि ती कुणा जिवंत माणसाला गुन्हेगार ठरवते का. या दोन ठिकाणी काडीचीही सूट देऊ नये. उरलेल्या सगळ्या प्रदेशात चांगलीच सूट द्यावी, आणि जिथे श्रद्धेचा उपयोग होतो तिथे तो निःसंकोच करून घ्यावा.

उपयोग होतो, हे मी हवेत बोलत नाही. २००० सालच्या अखेरीस उत्तर युगांडातल्या गुलू भागात इबोलाची, रुग्णाच्या आणि प्रेताच्या स्पर्शातून पसरणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, साथ आली. ४२५ जणांना लागण झाली आणि २२४ जण गेले. लाकोर रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर मॅथ्यू लुक्विया रुग्णांची सेवा करता करता ५ डिसेंबरला गेले. त्या साथीत मानववंशशास्त्रज्ञ बॅरी ह्युलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या आचोली लोकांशी बोलून जे नोंदले ते मला या विषयावरच्या कुठल्याही सिद्धान्तापेक्षा मोलाचे वाटते. आचोलींची समजूत अशी, की अचानक येणारे, झपाट्याने पसरणारे आणि पुष्कळ माणसे मारणारे दुखणे हे ‘गेमो’ नावाच्या वाऱ्यासारख्या दुष्ट शक्तीचे काम असते. सुरुवातीला लोकांनी नेहमीचे उपाय केले. माणसे मरतच राहिली, तेव्हा जाणत्यांनी हे गेमो आहे असे ठरवले. गेमो ठरले की नियम बदलतात. आजाऱ्याला वस्तीपासून लांब, शंभरेक मीटरवरच्या झोपडीत ठेवायचे. त्याच्याकडे जायचे ते या दुखण्यातून वाचलेल्या माणसाने, नाहीतर वयस्क माणसाने. बाकी कुणी नाही. झोपडीच्या दाराशी हत्तीगवताचे दोन उंच दांडे रोवायचे, म्हणजे परक्याला दुरूनच कळेल. एका गावाने दुसऱ्या गावात जायचे नाही, नाच नाही, स्त्री-पुरुष संबंध नाही, शिळे किंवा धुरावलेले मांस नाही. गेलेल्याचे प्रेत एरवी आत्या धुते. गेमोत ते नेमलेल्या माणसाने हाताळायचे आणि गावाच्या कडेला पुरायचे. बरा झालेला माणूसही एक पूर्ण महिना, चंद्राच्या एका फेऱ्याइतका, वेगळाच राहील.

साथरोगतज्ज्ञाने याहून वेगळे काय सांगितले असते? कारण चूक आणि आचार अचूक, अशी ही गाठ आहे, आणि ती अपघाताने पडलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या साथी झेललेल्या समाजाने काय केले की माणसे कमी मरतात हे टिपून ठेवले आणि ते टिकावे म्हणून त्यावर एका देवाचे वा भुताचे नाव घातले. अर्थात त्याच परंपरेत ‘र्‍येमो गेमो’ही आहे, म्हणजे भांडी बडवून गेमोला हाकलणे, २०२० साली कोविड आला तेव्हा आचोली वस्त्यांनी ते केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपणही संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत उभे राहून थाळ्या बडवल्या होत्या, तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ते आरोग्यसेवकांच्या कृतज्ञतेपोटी होते हे खरे. पण आमच्या इमारतीत निदान दोघातिघांनी ते विषाणू पळवण्यासाठीच बडवले, आणि त्यांतला एक इंजिनिअर आहे.

गुलूच्या नेमकी उलट गोष्ट चौदा वर्षांनी पश्चिम आफ्रिकेत घडली. गिनीतल्या मेलियांदू गावात डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेली इबोलाची साथ सिएरा लिओन आणि लायबेरियात पसरली, आणि ती संपेपर्यंत अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांना लागण होऊन अकरा हजारांहून अधिक मेले. या साथीत परंपरेनेही माणसे मारली, हे आधी कबूल करायला हवे. सिएरा लिओनच्या कैलाहुन जिल्ह्यात एक नावाजलेली वैदूबाई होती. हे दुखणे आपण बरे करू शकतो असे ती म्हणत असे. सीमेपलीकडून गिनीतले रुग्ण तिच्याकडे आले, तिला लागण झाली आणि ती गेली. प्रथेप्रमाणे तिचे प्रेत धुतले गेले, दूरदूरच्या गावांतून माणसे अंत्यविधीला आली. त्या एका अंत्यविधीशी ३६५ पर्यंत मृत्यूंचा धागा जोडता येतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

पण दुसरी बाजू पाहा. सुरुवातीच्या महिन्यांत गावोगाव जे सांगितले जात होते ते असे, की इबोलावर औषध नाही, लस नाही. हे ऐकल्यावर कुठला शहाणा माणूस आपल्या बापाला उपचारकेंद्राच्या तंबूत नेऊन देईल? अंगभर पांढरे प्लास्टिक चढवलेली माणसे यायची, चेहरा न दिसणारी. आजाऱ्याला गाडीत घालून न्यायची, आणि नंतर निरोप यायचा की तो मेला आणि पुरलाही. कुठे पुरला, तोंड कुणी पाहिले, मंत्र की फातिहा कुणी म्हटली, काही नाही. फवारणीतूनच रोग येतो अशी अफवा उठली ती अशा हवेत. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातले आठजण मारले गेले. त्या खुनांचे समर्थन कुणीच करणार नाही. ते ‘अंधश्रद्धे’च्या खात्यावर टाकून मोकळे होणे मात्र मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हा गुंता सोडवणारी युक्ती अगदी साधी निघाली. गिनीतल्या किस्सी लोकांत गरोदर बाईला गर्भासह पुरणे हे मोठे पाप. त्याने सगळ्या गावावर अरिष्ट येते. इबोलाने गेलेल्या गरोदर बाईच्या पोटाला शस्त्र लावणे म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने आत्महत्या. प्रेत पडून, दोन्ही बाजू अडून बसलेल्या. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियान अनोको वडीलधाऱ्यांकडे गेल्या आणि एवढेच विचारले, की असे काही आधी कधी घडले असेल तर त्याला प्रायश्चित्त काय होते? प्रायश्चित्त होते, आणि ते जाणणारा म्हाताराही होता. विधीचा खर्च संघटनेने उचलला, विधी झाला आणि बाईला पोट न उघडता पुरले. आपल्याकडे धर्मशास्त्रात प्रत्येक नियमाच्या पाठोपाठ त्याचे प्रायश्चित्तही लिहिलेले असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संघटनेने दफनाचे नियम बदलले. नातेवाइकांना सुरक्षित अंतरावरून तोंड पाहता यावे, प्रार्थना म्हणता यावी, असे त्यात आले. विषाणूच्या शास्त्रात त्यामुळे अक्षराचाही फरक पडला नाही.

अविश्वास आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे थांबून म्हटले पाहिजे, कारण एकीचा दोष दुसरीच्या माथी मारण्याची सवय जुनी आहे. फ्रेंच अमलाखालच्या कॅमेरूनमध्ये त्सेत्से माशीमुळे पसरणाऱ्या झोपेच्या रोगाविरुद्धच्या मोहिमेत, १९३०च्या सुमारास, बाफिया भागात आर्सेनिकयुक्त औषधाची मात्रा वाढवली गेली आणि शेकडो माणसे आंधळी झाली. सुया घ्यायला माणसे रांगेत उभी केली जात, स्वेच्छेचा प्रश्नच नव्हता. अशा गावातली पुढची पिढी सुई पाहून पळाली, तर त्याला भूतपिशाच कारण आहे काय? उत्तर नायजेरियातल्या कानोमध्ये १९९६ साली मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझर कंपनीने आपल्या नव्या औषधाची चाचणी दोनशे मुलांवर घेतली. पालकांची संमती नीट घेतली गेली नाही असा आरोप झाला, खटले चालले आणि २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. २००३ साली त्याच कानोने पोलिओची लस नाकारली, तेव्हा जगभर मागासलेल्या समजुतींवर अग्रलेख लिहिले गेले. नकाराची किंमत भयंकर होती. तिथून निघालेला विषाणू सुमारे वीस देशांत पोचला. पण तो नकार आकाशातून पडलेला नव्हता. पुढे तिथल्याच अमीरांना, म्हणजे पारंपरिक राजांना, आणि मौलवींना बरोबर घेऊन घरोघर काम झाले, आणि २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओविषाणूपासून मुक्त जाहीर झाला.

आणि या शतकात आफ्रिकेत रोगाच्या कारणाविषयीच्या ज्या एका चुकीच्या समजुतीने सर्वाधिक माणसे मारली, ती परंपरेतून आलेलीच नाही. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. हे त्यांना कुणा सांगोमाने, म्हणजे तिथल्या देवऋषीने, सांगितले नव्हते. अमेरिकेतल्या काही पदवीधर शंकेखोरांचे लिखाण त्यांनी इंटरनेटवर वाचले होते. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू सुचवीत. आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारे औषध सरकारी दवाखान्यांत द्या, असे शेवटी २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाला सांगावे लागले. या धोरणामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक जीव हकनाक गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ सालचा अंदाज आहे. सूट घातलेला, इंग्रजी वाचणारा अज्ञानी हा गावातल्या भगतापेक्षा किती महाग पडतो, याचा हा हिशेब.

इतके म्हटल्यावर मी परंपरेचा वकील झालो असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून मघाच्या दोन अटींकडे येतो. पहिली उशिराची. टांझानियात लोलिओंदो भागातल्या सामुंगे गावी २०११ साली एका निवृत्त लुथेरन पाद्र्याने, ज्याला सगळे ‘बाबू’ म्हणजे आजोबा म्हणत, देवाने स्वप्नात सांगितले म्हणून एका झाडाच्या मुळांचा काढा द्यायला सुरुवात केली. पाचशे शिलिंगला एक पेला. मधुमेह, कर्करोग, एड्स, सगळ्यांवर तोच, आणि एकदाच घ्यायचा. गाड्यांची रांग वीस-पंचवीस किलोमीटरवर गेली. मंत्री आले, अधिकारी आले, शेजारच्या देशांतून माणसे आली. काहींनी रुग्णालयातून आजारी माणसे उचलून आणली आणि ती रांगेतच दगावली. एचआयव्हीच्या काही रुग्णांनी पेला घेतल्यावर चालू गोळ्या बंद केल्या. यात निरागस काही नाही. आजोबांवरची श्रद्धा ज्याला बाळगायची त्याने बाळगावी, पण गोळी बंद करा असे म्हणणारा किंवा ते चालवून घेणारा, मग तो कितीही भला असो, मृत्यूचा वाटेकरी आहे. महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा श्रद्धेला हात लावत नाही, रोखण्याला लावतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत वसाहतकाळातले चेटूकविरोधी कायदे आहेत, पण नेमकी ही रेघ मारणारे फारच थोडे.

दुसरी अट आरोपाची, आणि ती माझ्या मते अधिक गंभीर आहे, कारण आजार ‘धाडलेला’ असेल तर धाडणारा कुणीतरी असावा लागतो. तो सहसा गावचा मुखिया निघत नाही. घानाच्या उत्तरेला गांबागा इथे चेटकीण ठरवून हाकललेल्या बायकांची वस्ती आहे. त्यांत बहुतेक म्हाताऱ्या, विधवा, पाठीशी कुणी नसलेल्या. शेजारचे मूल तापाने गेले, कुणाला स्वप्नात ही दिसली, एवढे पुरते. आरोप करणाऱ्यांविरुद्धचे विधेयक घानाच्या संसदेने जुलै २०२३ मध्ये मंजूर केले, पण तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. काँगोच्या राजधानीत, किन्शासाच्या रस्त्यांवर चेटकी ठरवून घराबाहेर काढलेली लहान मुले राहतात. आणि ही तर प्राचीन परंपराही नव्हे, ती १९९० नंतर युद्ध, एड्स आणि नव्या पंथांच्या प्रार्थनामंदिरांतून वाढलेली गोष्ट आहे. ओग्बांजे मुलाच्या अंगावर डाग देणारे हातही याच रांगेत बसतात, कारण तिथे आरोपी म्हणून खुद्द आजारी मूलच उभे केलेले असते. इथे संस्कृतीचा आदर वगैरे शब्द मला ऐकवत नाहीत.

या दोन रेघांच्या अलीकडे मात्र पुष्कळ जागा आहे. नायजेरियाचे मनोविकारतज्ज्ञ टॉमस लांबो इंग्लंडमध्ये शिकून परतले आणि १९५४ साली त्यांनी आबेओकुटाजवळ आरो इथे एक वेगळा प्रयोग केला. रुग्णाला भिंतीआड न कोंडता नातेवाइकासह आसपासच्या गावांतल्या घरांत ठेवायचे, दिवसा रुग्णालयात उपचार घ्यायचे, आणि गावच्या वैदूंनाही कामात घ्यायचे. त्याच पश्चिम आफ्रिकेत आजही काही प्रार्थना-छावण्यांत मनोरुग्ण साखळीने झाडाला बांधलेले सापडतात. वैदू दोन्हीकडे आहे, देवही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की आरोमध्ये शेजारी डॉक्टर होता आणि साखळी नव्हती.

तरी वैदूंना सरसकट सरकारी शिक्का देण्याच्या लाटेविषयी मी साशंक आहे. दक्षिण आफ्रिकेने २००७ साली पारंपरिक उपचारकांसाठी कायदा केला. नोंदणी होईल, शिस्त येईल, हा हेतू चांगला. पण औषध तपासल्याशिवाय ते देणाऱ्याला ओळखपत्र देणे म्हणजे वजनकाटा न तपासता दुकानाला परवाना देण्यासारखे आहे. शिवाय परंपरेचा गौरव सरकारांना स्वस्त पडतो. २००१ साली अबुजा इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा पंधरा टक्के वाटा आरोग्यावर खर्च करण्याचा शब्द दिला. तो पाळणारे देश बोटांवर मोजण्याइतके निघाले. खंडाच्या बऱ्याच भागात दहा हजार माणसांमागे डॉक्टर तीनच्या आसपास. दवाखाना वीस किलोमीटरवर, तिथे नर्स रजेवर, औषध बाहेरून आणायचे, आणि वैदू शेजारी राहतो, तास तास बोलतो, कोंबडी नाहीतर पुढच्या पिकाचे धान्य घेतो. लोक वैदूकडे जातात ते त्यांच्या विश्वदृष्टीमुळे, असे म्हणणाऱ्याने आधी एसटीचे वेळापत्रक पाहावे, असे आपल्या नंदुरबार-गडचिरोलीतला कुठलाही आरोग्यसेवक सांगेल.

नंदुरबार-गडचिरोलीचे नाव घेतले ते केवळ तुलनेसाठी नव्हे. सिकलसेल तिथेही आहे, विदर्भात सर्वत्र आहे. भारत सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू केली. नायजेरियात ‘जीनोटाइप’, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक प्रकार, हा आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला शब्द आहे. तरुण-तरुणी ओळख वाढली की एकमेकांना एए (निर्दोष) की एएस (वाहक) हे विचारतात, आणि अनेक चर्च लग्न लावण्याआधी रक्ताचा कागद मागतात. ओग्बांजेची गारगोटी खणणे त्यामुळे कमी झाले असेल. पण ‘दोघेही एएस’ असा कागद आला की मोडते ते लग्न मुलीचेच आधी मोडते, आणि आजारी मूल झाले की दोष आईच्या रक्ताला लागतो, बापाचे रक्त तितकेच कारण असले तरी. आरोपीचे नाव बदलले, आरोप तसाच राहिला. विदर्भातली समुपदेशक यापेक्षा वेगळे सांगेल असे मला वाटत नाही.

अशा समुपदेशकेसमोर बसलेली आई मी डोळ्यांसमोर आणतो, नायजेरियातल्या एनुगूतली म्हणा की गडचिरोलीतल्या एटापल्लीतली. तिला तक्ता दाखवला जातो: चार चौकोन, एक लाल, दोन अर्धे, एक पांढरा. तिला तो समजतो. मग ती विचारते, चारात एक म्हणालात, माझी दोन्ही लाल कशी निघाली? समुपदेशक सांगते, की प्रत्येक खेपेस फासा नव्याने पडतो, मागच्या मुलाचा पुढच्याला हिशेब लागत नाही. हे शंभर टक्के खरे उत्तर आहे, आणि अझांदे माणसाने ज्याला उत्तर मानायला नकार दिला होता तेच हे उत्तर आहे. आई थोडा वेळ काही बोलत नाही. मग समुपदेशक पेनिसिलीनच्या गोळ्यांची पुडी पुढे करते, ताप आला तर रात्र न थांबता यायचे हे दोनदा सांगते, आणि पुढची तारीख कार्डावर लिहिता लिहिता बाळाचे नाव विचारते.